राणी कोवळी होती, हे कारण पुरेसे नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अद्भुतकथांतील राज्यकर्त्यांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात डेनेरिस टारगेरियन या तरुण राणीचे उदाहरण घेऊन लेखकाने असा निष्कर्ष काढला आहे की, कोवळ्या वयाची, भावनेच्या भरात निर्णय घेणारी आणि लढाईतच वाढलेली राणी शहरे जिंकू शकेल, पण ती चालवू शकणार नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पाचही कादंबऱ्या मी वाचल्या आहेत आणि त्यांवरून केलेली दूरचित्रवाणी मालिकाही पाहिली आहे. डेनेरिस अपयशी ठरली, हे लेखकाचे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. मात्र त्या अपयशाला त्यांनी दिलेले कारण मला चुकीचे वाटते, आणि कारण चुकले की त्यातून निघणारा धडाही चुकतो, म्हणून हे पत्र काहीसे लांबले तरी सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी ही कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीत डेनेरिस तेरा वर्षांची आहे. राज्य गमावलेल्या घराण्याची ती परागंदा मुलगी, आणि तिचा भाऊ सैन्याच्या मोबदल्यात एका टोळीप्रमुखाशी तिचे लग्न लावून देतो. २०११ साली आलेल्या पाचव्या कादंबरीत ती सोळाच्या आसपास आहे आणि तोवर तिच्या नावावर तीन ड्रॅगन, आठ हजारांहून अधिक शिस्तबद्ध पायदळ आणि गुलामांच्या व्यापारावर पोसलेली तीन शहरे जमा झालेली आहेत. कादंबऱ्यांत तिची कथा तिथेच अर्धवट थांबते. मालिकेने तिचे वय वाढवले आणि २०१९ साली कथा पूर्ण केली. त्या शेवटात शरणागतीच्या घंटा वाजत असताना ती ड्रॅगनवर बसून राजधानी जाळते. आपल्या लेखकाने हा शेवट आधी धरला आणि त्यावरून मागे मागे जात तिच्या स्वभावात त्याची मुळे शोधली. मला उलट दिशेने जायचे आहे.

प्रथम वयाचा आणि भावनेचा मुद्दा. इ.स.पूर्व ३३० मध्ये पर्सेपोलिस ही इराणच्या सम्राटांची राजनगरी अलेक्झांडरच्या हाती आलेली होती, तिचा खजिना त्याच्या ताब्यात होता आणि प्रतिकार उरलेला नव्हता. तरीही तिथला राजप्रासाद त्याच्या डोळ्यांदेखत जाळला गेला. तेव्हा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी मद्याच्या अंमलात, एका टोचऱ्या बोलण्यावरून, त्याने आपला जीव वाचवणाऱ्या क्लायटस या सरदाराला भाल्याने ठार केले आणि नंतर दिवसचे दिवस तो रडत बसला. अशा पुरुषाला इतिहासाने महान म्हटले. भावनाप्रधान हे विशेषण त्याच्या वाट्याला कधी आले नाही. ते आपण राण्यांसाठी राखून ठेवतो. राजा चिडला की तो कोप, राणी चिडली की तो तोल जाणे. आपल्या लेखकाने हा भेद जाणूनबुजून केला असेल असे मी म्हणत नाही, पण त्यांच्या लेखातील शब्दांची निवड पुन्हा तपासून पाहावी.

कोवळ्या वयात सत्ता हाती येऊन ती नीट वापरणाऱ्यांची उदाहरणेही थोडी नाहीत. दुसऱ्या मेहमदाने १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल घेतले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. अकबर १५५६ साली तख्तावर आला तो तेराव्या वर्षी, आणि जिझिया कर त्याने उठवला तो १५६४ साली, म्हणजे आजच्या हिशेबाने पदवी परीक्षा देण्याच्या वयात. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ पंचवीस वर्षांची असताना राणी झाली. राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० साली ताराबाईंनी कारभार हाती घेतला तेव्हा त्याही पंचवीसच वर्षांच्या होत्या आणि पुढची सात वर्षे, औरंगजेबाचा मृत्यू होईपर्यंत, त्यांनी त्या बादशहाला दख्खनेतून यशस्वी होऊन परत जाऊ दिले नाही. ताराबाई जिंकायला निघालेल्या नव्हत्या, राखायला उभ्या होत्या, त्यामुळे हे उदाहरण आपल्या विषयाला तंतोतंत लागू नाही, हे मी जाणून आहे. पण वयापुरता मुद्दा त्यातून निकाली निघतो.

आता या सर्वांमध्ये समान काय होते, ते पाहावे. स्वभाव समान नव्हता, धर्म नव्हता, नीतीही नव्हती. समान होती ती गरज. एलिझाबेथला नव्या करासाठी संसदेकडे जावे लागे, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत तिला दहा संसदा बोलवाव्या लागल्या. विल्यम सेसिल या एका मंत्र्याचा सल्ला तिने १५५८ पासून १५९८ मध्ये तो मरेपर्यंत ऐकला, कारण त्याच्यासारख्याशिवाय तिचे चालणारे नव्हते. मेहमदाच्या हाती आलेले शहर ओस पडलेले होते. ते पुन्हा वसवण्यासाठी त्याला माणसे हवी होती, म्हणून त्याने साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून लोक आणवले आणि १४५४ च्या आरंभीच ख्रिस्ती प्रजेच्या धर्मगुरूचे पद गेनाडियस याला देऊन तिचा कारभार तिच्याच माणसाकडे ठेवला. अकबराला घोडेस्वार हवे होते, घोडेस्वारांना पगार हवा होता, पगारासाठी महसूल हवा होता, आणि महसूल हवा तर शेतकरी जमिनीवर टिकायला हवा होता. तोडरमलाची दहा वर्षांच्या सरासरीवर बेतलेली १५८० ची सारापद्धत ही या साखळीतून आलेली आहे. राजाच्या अंगी दया असो वा नसो, त्याचे हात इतरांच्या हातांत अडकलेले असतात, आणि त्या अडकण्यालाच बहुतेक वेळा आपण सुराज्य म्हणतो.

ड्रॅगन ही नेमकी इथे कथेत शिरणारी गोष्ट आहे. मला राहून राहून आश्चर्य याचे वाटते की, डेनेरिसविषयी इतके लिहिले जाते, तिच्या बापाच्या वेडाविषयी, तिच्या प्रेमप्रकरणांविषयी, तिच्या क्रोधाविषयी, पण तिच्या सत्तेच्या साधनाकडे साधन म्हणून फारसे कोणी पाहत नाही. सैन्य हे माणसांचे असते. त्याला पगार, धान्य, चारा, जोडे लागतात. त्याला लढायला लावण्यासाठी सरदारांची मने वळवावी लागतात, आणि हुकूम वरून खालपर्यंत पोचताना वाटेत दहा माणसे असतात, ज्यांपैकी एखादा तरी कुरकुरतो, उशीर लावतो किंवा नाही म्हणतो. ड्रॅगनला यातले काही लागत नाही. त्याला शेळ्यामेंढ्या लागतात आणि एक शब्द पुरतो. ज्या राज्यकर्त्याला आपली ताकद टिकवण्यासाठी प्रजेची संमती, व्यापाऱ्याचे कर्ज किंवा सेनापतीची निष्ठा यांपैकी कशाचीच गरज उरत नाही, त्याला राज्य करणे शिकण्याचे निमित्तच मिळत नाही. तो कितीही सहृदय असला तरी त्याची सहृदयता ही त्याची मर्जी असते. डेनेरिसची अडचण कोवळेपण नसून हे स्वयंपूर्णपण आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे कथेवर घासून पाहता येते, कारण मार्टिन यांनी तिला एकामागून एक तीन शहरे दिली आहेत. पहिले अस्टापोर. तिथे ती आपला सर्वांत मोठा ड्रॅगन देऊन गुलाम सैनिक विकत घेते आणि सौदा पुरा होताच ते सैनिक आणि तोच ड्रॅगन मालकांवर सोडते. वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात, याची मी कबुली देतो. पण त्यानंतर ती काय करते? एक वैद्य, एक विद्वान आणि एक पुजारी अशा तिघांचे मंडळ नेमते, सगळे प्रशिक्षित सैन्य बरोबर घेते आणि पुढे निघून जाते. म्हणजे ज्या शहराची सारी व्यवस्था मोडली, ज्याचा एकमेव व्यापार बंद केला, ज्याच्या घराघरांत कालचे मालक आणि कालचे गुलाम एकमेकांकडे पाहत उभे आहेत, त्या शहरात तिने तीन सज्जन माणसे ठेवली आणि त्यांच्या पाठीशी एक शिपाईही ठेवला नाही. पुढे क्लेऑन नावाचा एक खाटीक या तिघांवर जुन्या मालकांशी हातमिळवणीचा आरोप ठेवून त्यांना संपवतो, स्वतः राजा होतो आणि उच्चकुलीन घरांतील मुले धरून त्यांनाच गुलाम सैनिक बनवू लागतो. अखेर शेजारचे शहर अस्टापोर उद्ध्वस्त करते आणि तिथून रक्ताच्या हगवणीने ग्रासलेले निर्वासित राणीच्या दाराशी येऊन पडतात. आपल्या लेखकाने अस्टापोरला दोन ओळी दिल्या आहेत. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा गुन्हा तोच आहे, आणि तो क्रोधातून घडलेला नाही. घाईतून, आणि सैन्य मागे ठेवण्याची किंमत न मोजण्यातून घडलेला आहे.

हा प्रकार केवळ कल्पनेतला नाही. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी राज्यघटनेने संपवली आणि दक्षिणेतील राज्यांत केंद्राचे सैन्य राहिले तोवर मुक्त झालेल्यांना मतदान करता आले, प्रतिनिधी निवडता आले. १८७७ साली त्या सैन्याचा पाठिंबा काढून घेण्यात आला आणि त्यानंतर जुन्या मालकवर्गाने एकेक हक्क परत हिरावून घेतला. तो परत मिळायला जवळपास नव्वद वर्षे जावी लागली. हैतीतील गुलामांनी १८०४ साली स्वतःचे राष्ट्र स्थापन केले तर १८२५ साली फ्रान्सने आरमार पाठवून, मालकांच्या नुकसानीपोटी, पंधरा कोटी फ्रँकची भरपाई त्यांच्याच माथी मारली. गुलामगिरीवर उभी असलेली व्यवस्था एका रात्रीत पाडता येते, पण आजूबाजूचे सगळे जग त्याच व्यवस्थेवर पोसत असेल तर ते जग परत येते, एक तर तलवार घेऊन किंवा हिशेबाची वही घेऊन. कादंबरीत युन्काई हे दुसरे शहर तसेच परत येते. डेनेरिसने तिथले गुलाम सोडवले होते, पण मालकांची सत्ता, पैसा आणि तटबंदी जशीच्या तशी ठेवली होती. त्याविषयी आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

खरा विषय मीरीन या तिसऱ्या शहराचा आहे, आणि तिथे माझा आपल्या लेखकाशी पूर्ण मतभेद आहे. ते म्हणतात की मीरीनमध्ये राणी ढिली पडली, गुप्त मारेकऱ्यांपुढे हतबल झाली, नको त्या माणसाशी लग्न करून बसली, म्हणजे तिला कारभार जमला नाही. मला तर वाटते की तिच्या आयुष्यात खरे राज्य तिने केले असेल तर ते मीरीनमध्येच. एक शेतकरी झोळीत जळालेली हाडे घेऊन दरबारात येतो. ती त्याच्या लहान मुलीची असतात, आणि तिला ड्रॅगनने मारलेले असते. त्यानंतर राणी दोन ड्रॅगन साखळदंडाने जखडून तळघरात कोंडते; तिसरा आधीच उडून गेलेला असतो. म्हणजे मीरीनच्या त्या काळात तिच्या हाती ड्रॅगन नाहीत. आणि नेमके तेव्हाच ती वाटाघाटी करते, कर बसवते, खानदानी घरांतून ओलीस ठेवलेल्या मुलांचा विचार करते, शेतीचा विचार करते, आवडत नसलेल्या माणसांचे ऐकून घेते. हात अडकले की राज्य सुरू होते, असे मी वर म्हटले, त्याचे याहून चांगले उदाहरण मला कुठल्याही अद्भुतकथेत आढळलेले नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तेराव्या अधिकरणाच्या अखेरीस 'लब्धप्रशमन' नावाचे प्रकरण आहे. जिंकून घेतलेला मुलूख शांत कसा करावा, हा त्याचा विषय. जेत्याने जिंकलेल्या लोकांसारखेच शील, वेष, भाषा आणि आचार स्वीकारावेत, त्यांच्या देवतांच्या उत्सवांत भक्ती दाखवावी, बंदिवान सोडावेत, दीन, अनाथ आणि आजारी यांना आधार द्यावा, आणि दिलेला शब्द पाळावा, कारण शब्द फिरवणाऱ्यावर आपलेही विश्वास ठेवत नाहीत आणि परकेही ठेवत नाहीत, असे तो सांगतो. आता मीरीनमध्ये डेनेरिस काय करते ते पाहा. तिथल्या खानदानी लोकांचे टोकर नावाचे वस्त्र असते, चालताना एका हाताने सावरावे लागणारे, कष्टाचे काम करताच येऊ नये अशा बेताने बेतलेले. तिला ते मनापासून नकोसे असते. तरी ती ते नेसते, कारण त्याशिवाय त्या शहराचे प्रतिष्ठित लोक तिला आपली मानणार नाहीत. जुने सिंहासन मोडून ती साध्या काळ्या लाकडी बाकावर बसते आणि तासन्‌तास अर्ज ऐकते. लेखकाला या टोकरमध्ये शरणागती दिसली. मला त्यात कौटिल्याचा 'समान वेष' दिसतो.

शब्द पाळण्याच्या बाबतीत तर इतिहासातील अनेक जेत्यांपेक्षा ती वरचढ ठरते. कॅस्टीलची इसाबेला तेविसाव्या वर्षी राणी झाली आणि चाळिशीत असताना, २ जानेवारी १४९२ रोजी, ग्रॅनाडा तिच्या आणि तिच्या पतीच्या ताब्यात आले. शरणागतीच्या करारात तिथल्या मुसलमानांना धर्म, मशिदी आणि स्वतःचे कायदे राखण्याचे वचन दिलेले होते. १५०२ साली कॅस्टीलच्या राज्यातील मुसलमानांपुढे बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा, एवढेच पर्याय ठेवण्यात आले. वचन फार काळ टिकले नाही. इसाबेला अनुभवी होती, मुत्सद्दी होती, हिशेबी होती, तिने राज्याची न्यायव्यवस्था आणि जमाखर्च सुधारला होता. यातील कोणत्याही गुणाने त्या वचनाचे रक्षण केले नाही. मीरीनमध्ये मारेकऱ्यांचे सत्र चालू असताना, सल्लागार ओलीस मुलांना ठार करण्याचा आग्रह धरत असताना, सोळा वर्षांची डेनेरिस त्या मुलांच्या केसालाही धक्का लावू देत नाही. लेखकाने याला दुर्बलता म्हटले आहे, आणि इथे मी त्यांच्याशी वादही घालू इच्छित नाही.

तरीही तिचे वकीलपत्र घेऊन मी हे पत्र लिहीत नाही. मीरीनमध्ये प्रवेश करतानाच तिने एक गोष्ट केली, जिचे ओझे नंतरच्या प्रत्येक दिवसावर राहिले. शहराच्या मालकांनी तिच्या वाटेवर १६३ गुलाम मुलांना खांबांवर खिळले होते. तिने शहर घेतल्यावर तितकेच, १६३, मालक मागून घेतले आणि त्यांना तसेच खिळले. हिशेब बरोबर जुळला, न्याय मात्र झाला नाही. कोणी हुकूम दिला, कोणी विरोध केला, याची चौकशी झाली नाही. मालिकेत एक तरुण सरदार तिच्यासमोर उभा राहून सांगतो की, त्याच्या वडिलांनी मुलांना खिळण्याला विरोध केला होता आणि तरीही तेच खांबावर गेले. राणीपाशी त्याला देण्यासारखे उत्तर नसते. मी न्यायालयाच्या कचेरीत लिपिकापासून सुरुवात करून पुरी नोकरी काढली आहे आणि इतके निश्चित सांगू शकतो की, ज्या निकालाची फाइल नसते तो निकाल पुन्हा पुन्हा उघडला जातो, आणि तो उघडणारे दर वेळी शाई घेऊन येतात असे नाही.

पैशाच्या बाबतीतही तिची कोंडी झाली, आणि हा भाग मालिकेने जवळपास गाळला असला तरी कादंबरीत तो सविस्तर आहे. वेढ्याच्या वेळी मालकांनी भोवतालचा मुलूख जाळलेला, ऑलिव्हची झाडे राख झालेली, नवे झाड लावले तर फळ धरायला वर्षे लागणार, गुलामांशिवाय विकायला काही नाही, आणि समुद्रात शत्रूची जहाजे. अशात काही जण तिच्याकडे येऊन स्वखुशीने स्वतःला विकण्याची परवानगी मागतात. ती परवानगी देते, मात्र बायकोमुलांना विकण्यास मनाई करते. आणि मग, अस्टापोरमध्ये जुन्या मालकांच्या राज्यात होता तसाच, अशा प्रत्येक विक्रीवर एक दशांश कर बसवते. गुलामगिरी मोडणारी राणी गुलामीच्या सौद्यातून महसूल घेते! मला हे वाचून धक्का बसला होता आणि लेखनाविषयीचा माझा आदरही वाढला होता. रिकाम्या खजिन्यासमोर बसलेले सरकार कसा विचार करते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रसंग खोटा वाटणार नाही. पाचव्या कादंबरीच्या अखेरीस मात्र ती या साऱ्याला कंटाळते. झाडे लावणे हे आपल्या रक्ताचे काम नव्हे, अशा निष्कर्षाशी येते आणि ड्रॅगनच्या पाठीवर परतते. आपल्या लेखकाला ते तिचे खरे रूप वाटते. मला ते राजीनामापत्र वाटते.

यावरून मालिकेच्या शेवटाकडे येतो. तो घाईत उरकला गेला, अशी तक्रार त्या वेळी जगभरच्या प्रेक्षकांनी केली आणि ती रास्त होती. तथापि राजधानी जळण्याचा प्रसंग मी पुन्हा पाहिला तेव्हा राणीच्या चेहऱ्यापेक्षा एक वेगळीच गोष्ट ठळकपणे जाणवली. शरण आलेले शहर जाळण्याचा हुकूम तिने एखाद्या सेनापतीला दिला असता तर तो त्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत, तिथून तुकड्यांपर्यंत जावा लागला असता; घंटा सगळ्यांनाच ऐकू येत होत्या, आणि त्या साखळीत कुठेतरी कोणाचा तरी हात थांबला असता. ड्रॅगनच्या आणि तिच्या मध्ये कोणीच नव्हते. तिच्या सैनिकांनीही नंतर तलवारी चालवल्या, हे खरे आहे, पण आग आधी लागली होती आणि ती पाहून त्यांनी चालवल्या. ज्याला आपले लेखक स्त्रीसुलभ उद्रेक म्हणतात तो उद्रेक कोणाच्याही मनात येऊ शकतो. पर्सेपोलिसमध्ये आलाच होता. प्रश्न त्या उद्रेकाच्या आणि आगीच्या मध्ये किती माणसे उभी आहेत, हा आहे.

आणि केवळ आगच नव्हे. तिच्या चांगुलपणालाही हेच लागू आहे, हे मला उशिरा उमगले. मीरीनच्या दरबारात एक खानदानी माणूस तक्रार घेऊन येतो की, त्याच्या घरच्या गुलाम मुली त्याच्याच घरी विणकाम शिकल्या आणि आता स्वतंत्र दुकान थाटून कमावत आहेत, तर त्या मिळकतीत त्याला वाटा मिळावा. राणी विचारते की, त्यांना शिकवले कोणी? एका म्हाताऱ्या गुलाम बाईने, ती आता हयात नाही. तिचे नाव? ते त्याला नीट आठवत नाही. राणी निकाल देते की, त्याला काही मिळणार नाही. उलट त्यानेच त्या मुलींना एक उत्तम माग घेऊन द्यावा, त्या म्हातारीचे नाव विसरल्याबद्दल. हा प्रसंग मला इतका आवडतो की घरात अनेकांना मी तो वाचून दाखवला आहे. पण कचेरीतला जुना माणूस मनात विचारतोच, नाव विसरणे हा गुन्हा कोणत्या कलमाखाली येतो? उद्या दुसरा कोणी दुसरे काही विसरला तर त्याला काय दंड? हा न्याय सुंदर आहे, पण तो मर्जीचा न्याय आहे, आणि मर्जी ज्या दिवशी प्रसन्न नसेल त्या दिवशी हाच दरबार कसा असेल, याची चाहूल त्या मागाच्या निकालातच आहे.

म्हणून तरुण विजयिनी चांगले राज्य करू शकेल का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, फक्त तिच्या हातातला ड्रॅगन तिला पुरेसा वाटू नये, एवढी अट मी घालीन. आणि डेनेरिसला ते जमत होते, याला पुरावा म्हणून मी त्याच दरबारातील दुसरा एक प्रसंग सांगेन, ज्याचा आपल्या लेखात उल्लेखही नाही. तिच्याहून लहान, चेहऱ्यावर व्रण असलेला, जुनाट टोकर नेसलेला एक मुलगा पुढे येतो. शहर पडले त्या रात्री त्याच्या घरातील दोन गुलामांनी त्याच्या वडिलांना, भावाला आणि आईला मारलेले असते. त्यांपैकी एक आज त्याच्याच घरात राहतो आणि दुसरा राणीच्या सैन्यात आहे. त्यांना फाशी द्यावी, एवढेच तो मागतो. राणीने शहर घेतल्यावर त्या रात्रीच्या सर्व गुन्ह्यांना सरसकट माफी जाहीर केलेली असते. तिचे मन कोणाच्या बाजूने आहे, हे वाचणाऱ्याला कळते. तरीही ती दिलेली माफी मोडत नाही आणि त्याला नकार देते. मुलगा तिच्या अंगावर धावून जातो, त्या लांब वस्त्रात पाय अडकून पडतो, आणि तिचा रक्षक त्याला पकडतो. ती त्याला सोडायला सांगते, तू लहान आहेस, इथे झाले ते आम्ही विसरू, असे म्हणते. बाहेर जाताना तो मागे वळून पाहतो. त्याच्या डोळ्यांवरून तिला कळते की मारेकऱ्यांना आणखी एक साथीदार मिळाला. तरीही ती त्याला जाऊ देते.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी